वंशवृक्ष, तसबीर आणि टक्केवारी

कादंबरीवर टीका होते, नाटकावर होते, कवितेवर तर कधीकधी कवितेपेक्षा टीकाच अधिक होते. परंतु पुष्कळ मराठी घरांच्या कपाटात ज्ञानेश्वरी आणि जुनी पंचांगे यांच्या शेजारी जो जाडजूड ग्रंथ उभा असतो, त्या कुलवृत्तान्ताकडे वाङ्मय म्हणून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. त्याची चर्चा होते ती कुलसंमेलनात, पंगती उठल्यानंतर. आणि तीही बहुधा ‘आमच्या शाखेतली दोन नावे गळली आहेत’ एवढ्यापुरतीच. ज्या ग्रंथात आपण स्वतः एक पात्र आहोत त्या ग्रंथाचे परीक्षण कोणी करावे, असा संकोच त्यामागे असेल. तो संकोच आता सोडला पाहिजे असे मला वाटते. कारण या जुन्या ग्रंथाला अलीकडे दोन नव्या पुरवण्या जोडल्या गेल्या आहेत आणि त्यांनी मूळ ग्रंथाचा अर्थच बदलू घातला आहे.

पहिली पुरवणी तसबिरींची. माळ्यावरच्या ट्रंकेत वर्षानुवर्षे पडलेले, कडा कुरतडलेले फोटो आता मोबाइलवर चढतात आणि पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत एका क्षणात पोहोचतात. मग पणजोबांचे नाक कोणाकडे आले आणि आत्याबाईंचे घारे डोळे कोणी उचलले, याचा खल सुरू होतो. दुसरी पुरवणी डीएनएची. एका लहानशा नळीत थुंकी भरून पाठवायची आणि काही आठवड्यांनी येणाऱ्या अहवालात आपण अमुक टक्के दक्षिण आशियाई, तमुक टक्के मध्य आशियाई असल्याचे रंगीत नकाशासह वाचायचे. शब्द, चेहरा आणि रक्त अशी तीन साधने आज एकाच दिवाणखान्यात एकत्र आली आहेत. ती एकमेकांना दुजोरा देतील अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात तिघांची साक्ष जुळत नाही, आणि परीक्षणाला खरा विषय मिळतो तो तेथेच.

नवी मुंबईत ही हौस विशेष दिसावी याचे मला नवल वाटत नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. येथे सदनिका घेतलेला माणूस कोकणातून, घाटावरून, विदर्भातून किंवा आणखी दूरवरून आलेला; आणि जो मूळचा आगरी किंवा कोळी, त्याच्या पायाखालची शेतेच बदलून गेलेली. जुन्या घराच्या ओटीवरची तसबिरींची रांग सातव्या मजल्यावरच्या भिंतीवर मावत नाही. अशा ठिकाणी ‘आपण कोठले?’ हा प्रश्न मुले विचारतात आणि वडीलधारी माणसे अहवाल मागवतात.

प्रथम मूळ ग्रंथाकडे वळू. कुलवृत्तान्ताची मांडणी ठरलेली असते. आरंभी गोत्र, प्रवर, कुलदैवत आणि मूळ गाव. मग मूळ पुरुष. त्यानंतर शाखा आणि घराणी. आणि शेवटी व्यक्तिवार माहिती. प्रत्येक पुरुषापुढे जन्मसाल, शिक्षण, नोकरी, पत्नीचे नाव आणि तिचे माहेर. मुलींची नावे येतात, पण लग्न झाले की ती रेघ तेथेच थांबते. जेथे संतान नाही तेथे ‘निर्वंश’ हा एक शब्द, आणि त्या एका शब्दात एखाद्या जोडप्याचे चाळीस वर्षांचे दुःख दडपलेले असते. या ग्रंथांमागचे कष्ट मोठे आहेत हे मान्य केलेच पाहिजे. पोस्टकार्डे पाठवून, गावोगाव हिंडून, नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळून निवृत्त शिक्षकांनी आणि कारकुनांनी हे काम स्वखर्चाने केले. ज्या समाजांनी असे ग्रंथ छापले नाहीत त्यांच्याकडेही वंशावळी होत्याच. दक्षिण महाराष्ट्रात आणि बेळगावकडे हेळवी वह्या घेऊन दारी येत आणि घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे म्हणून दाखवीत. रियासतकार सरदेसायांनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी एकत्र करून छापल्या, त्या तर अभ्यासकाला आजही हाताशी लागतात.

तरीही वाङ्मय म्हणून या प्रकाराचा मुख्य दोष सांगितलाच पाहिजे. तो एकाच रेषेवर जगतो. गणित अगदी साधे आहे. आईबाप दोन, आजीआजोबा चार, त्यांचे आईबाप आठ. असे मागे गेले की दहाव्या पिढीत पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर हा काळ सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीचा, म्हणजे ऐन पेशवाईतला. या १,०२४ जागांपैकी कुलवृत्तान्त बरोबर एका जागेची नोंद ठेवतो आणि तिला ‘मूळ पुरुष’ म्हणतो. उरलेल्या १,०२३ जागांचे काय? त्यांतल्या काही जागांवर तीच माणसे पुन्हापुन्हा बसलेली असतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या आपल्याकडील चालीमुळे आणि जातीतल्या जातीत सोयरीक करण्याच्या नियमामुळे हे होणारच. परंतु ज्या शेकडो बायकांनी हे कूळ प्रत्यक्ष वाहिले, त्या या ग्रंथात माहेरचे आडनाव टाकून आल्या आणि नवे नाव घेऊन नाहीशा झाल्या.

दुसरा दोष दत्तकाचा. येथे कुलवृत्तान्त मोठा उदार असतो आणि त्याच वेळी मोठा मुका. दत्तक मुलगा रेषेत सरळ बसवला जातो. धर्मशास्त्राने त्याला पुत्र मानले, ग्रंथानेही मानले. मला हा जुना उदारपणा आवडतो. पण त्यामुळे एक गोष्ट कबूल करावी लागते: आपली वंशावळ रक्ताची आहे असा दावा तिने मुळात केलेलाच नव्हता. ती नावाची, श्राद्धाच्या अधिकाराची आणि इस्टेटीची वंशावळ होती. आज नातू थुंकीच्या नळीवरून पणजोबांचे पणजोबा पडताळून पाहू लागला, तर तो कुलवृत्तान्ताला त्याने कधी दिलेच नव्हते अशा वचनाबद्दल जाब विचारतो आहे.

रक्ताची खात्री करून घेण्याची धडपड मराठ्यांच्या इतिहासाला नवीन नाही. ताराबाईंनी आपला नातू म्हणून रामराजाला पुढे केले तेव्हा शाहू महाराजांच्या दरबारात शंका उपस्थित झालीच. राघोजी भोसल्यांनी अशी अट घातल्याचे इतिहासकार सांगतात, की ताराबाईंनी स्वजनांसमक्ष रामराजाबरोबर एका पंक्तीला जेवावे आणि त्या अन्नाची शपथ घेऊन तो आपला नातू असल्याचे सांगावे. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज वारले, १७५० च्या आरंभी रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाईंनी त्याला कैदेत टाकून तो आपला नातू नसल्याचे जाहीर केले. पुढे १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी तसे शपथेवर सांगितले. एकाच मुलाविषयी एकाच बाईने दोन उलट शपथा घेतल्या! त्या काळी अन्न आणि देव हेच पुरावे होते, आणि पुरावा कोणता निघणार हे राजकारण ठरवीत होते.

पानिपतानंतरचे भाऊसाहेबांच्या तोतयाचे प्रकरणही याच जातीचे. १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ रणात नाहीसे झाले. पुढे सुखनिधान नावाचा उत्तरेकडचा एक ब्राह्मण भाऊ म्हणून वावरू लागला. चेहरा जुळतो का, खुणा जुळतात का, याची चौकशी झाली. तो कैदेत पडला, सुटला, हजारोंनी त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांना त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहावेसे वाटले यात आश्चर्य नाही. ती घटनाच नाट्यमय आहे. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. भाऊंना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे हयात असताना चेहऱ्याच्या साक्षीवर एकमत होत नव्हते. मग दीडशे वर्षांपूर्वीच्या पिवळ्या पडलेल्या फोटोवरून आपण नाकाचे घराणे ठरवतो, त्याला किती किंमत द्यावी?

हा प्रश्न आपल्याला तसबिरींकडे नेतो. जुनी तसबीर ही जणू भूतकाळाला पाडलेली खिडकी आहे, अशी आपली समजूत असते. पण ती बहुधा सजवलेली रंगभूमी असते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय लोकही त्या कलेत शिरले. लवकरच स्टुडिओ निघाले. तेथे मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि बाग. पुढे कोरीव खुर्ची, तिपाईवर फुलदाणी आणि एखादे जाड इंग्रजी पुस्तक. अंगावरचा कोटदेखील कधीकधी स्टुडिओचाच. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन भाग १८६३ व १८६६ मध्ये काढले. त्यांत माणसांची चित्रे वेगळी घेऊन ती निराळ्या पार्श्वभूमीवर बेमालूम जोडलेली आहेत. पाहणाऱ्याला वाटते, माणूस आपल्या जागी उभा आहे. वास्तविक जागा एकीकडची, माणूस दुसरीकडचा.

चित्रकारांच्या तसबिरींची गोष्ट याहून नाजूक. कर्ता पुरुष गेल्यावर त्याचे चित्र करून घेण्याची हौस मोठी होती, आणि फोटो नसेल तर घरातली माणसे वर्णन करीत, एखाद्या मुलाला किंवा पुतण्याला समोर बसवीत आणि चित्रकार त्यावरून बाप रंगवी. पुढे नातू ती तसबीर पाहून म्हणतो, ‘बाबा अगदी आजोबांवर गेले आहेत!’ जाणारच, आजोबाच बाबांवर गेलेले असतात.

थोरांच्या बाबतीतही हेच घडले आहे. फार दिवस इब्राहिमखान नावाच्या एका मुसलमान सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जात होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वा. सी. बेंद्रे यांनी ही गफलत दाखवून दिली आणि डच संबंधांतून उरलेले चित्र पुढे आणले. लोकांनी श्रद्धेने पूजिलेला चेहरा भलत्याचाच होता; श्रद्धा मात्र खरी होती. तसबिरीचे मर्म यातच आहे. पूर्वज कसे होते याहून त्यांना कसे दिसायचे होते, आणि पुढच्यांना ते कसे दिसायला हवे होते, हे ती अधिक प्रामाणिकपणे सांगते. नवरा खुर्चीत आणि बायको मागे उभी, हातात उगीचच धरलेले पुस्तक, मुलाच्या डोक्यावरची मोठी पगडी, या गोष्टी नाकाच्या वळणापेक्षा पुष्कळ बोलक्या असतात. म्हणून मी तसबिरी जपाव्या या मताचा आहे. पण त्यांच्यामागे नाव, साल आणि चित्र कोणी व कशावरून केले हे लिहून जपाव्या.

आता तिसरे साधन, डीएनए. त्याच्या अहवालाचा थाट शास्त्राचा असल्यामुळे त्याच्यावर टीका करायला माणूस बिचकतो. पण अहवाल हाही एक मजकूरच आहे आणि तो वाचता आला पाहिजे. त्यात तीन निरनिराळ्या कथा असतात. बापाकडून मुलाला जाणारे वाय गुणसूत्र फक्त पुरुषांची एक रेघ सांगते. आईकडून सर्व मुलांना मिळणारा तंतुकणिकांचा डीएनए फक्त आईच्या आईच्या आईची रेघ सांगतो. उरलेला मोठा भाग दोन्हीकडचा, पण तो प्रत्येक पिढीत पत्त्यांसारखा पिसला जातो. अर्धा बापाचा, अर्धा आईचा; त्यामुळे दहा पिढ्या मागे गेल्यावर वंशवृक्षात खऱ्याखुऱ्या बसलेल्या अनेक पूर्वजांचा कणभरही अंश आपल्या शरीरात उरलेला नसतो. ज्या मूळ पुरुषाच्या नावाने संमेलन भरते त्याच्याशी आपले शारीरिक नाते एका वाय गुणसूत्रापुरतेच उरलेले असण्याचा संभव आहे. आणि मुलींच्या बाबतीत तर तेही नाही.

राहिली टक्केवारी. ती मोजली जाते आज जिवंत असलेल्या माणसांच्या नमुन्यांशी तुलना करून. कंपनीने नमुने वाढवले किंवा गट बदलले की टक्के बदलतात. आपले रक्त तेच असते, अहवाल मात्र नवा येतो. शिवाय टक्क्यांना नावे नसतात. त्यांतून पणजीचे गाव कळत नाही, तिने कोणत्या दुष्काळात घर सोडले ते कळत नाही.

तथापि डीएनएने एक मोठे काम केले आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. २००९ मध्ये हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंग व थंगराज यांनी डेव्हिड राइख प्रभृतींसह २५ भारतीय समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ सर्व भारतीय समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झाले आहेत, प्रमाण तेवढे कमीजास्त, असे त्यात दिसले. २०१३ च्या पुढील अभ्यासाने या सरमिसळीचा काळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा ठरवला. त्यानंतर जातीअंतर्गत विवाहाचे कुंपण घट्ट झाले. म्हणजे ज्या शुद्धतेचा अभिमान कुलवृत्तान्ताच्या प्रस्तावनेत डोकावतो, ती अनादी नाही. तिच्याआधी मोकळ्या सोयरिकीची दोन हजार वर्षे आहेत. शरीर मोजून श्रेष्ठकनिष्ठ ठरवण्याचा मोह किती घातक असतो हे आपल्या इरावतीबाई कर्व्यांनी फार पूर्वी अनुभवले होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेवर प्रबंध लिहिला. वंशानुसार त्यात फरक दिसावा अशी गुरूची अपेक्षा होती. इरावतीबाईंना तसा संबंध आढळला नाही आणि त्यांनी तसे लिहिले. पुढच्या काही वर्षांत जर्मनीत त्या विद्येचे काय झाले ते जगाने पाहिले. मोजमाप करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

शब्द, चेहरा आणि रक्त या तिघांची एकत्र परीक्षा व्हायची असेल तर तिला आपल्या शेजारचेच उदाहरण आहे. पनवेलमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातले एक सिनेगॉग आहे. ते बेने इस्रायल समाजाचे; कोकणातले आपले शेजारी, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणत. मराठी बोलणारे, पनवेलकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर अशी गावांवरून आडनावे घेणारे. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला या समाजाचा इतिहास १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला; तो त्यांचा कुलवृत्तान्तच म्हणायला हरकत नाही. सात आणि सात चौदा होतात हे वाचून चित्पावनांची आठवण होईल. समुद्रकाठी वाहून आलेल्या चौदा प्रेतांना परशुरामाने सजीव केले अशी त्यांची कथा आहे. एकाच किनाऱ्यावर दोन समाज चौदा देहांची आणि समुद्राची कथा सांगतात! ती कोणी कोणाकडून घेतली याचा वाद मला गौण वाटतो. कोकण किनाऱ्याला आपला आरंभ समुद्रातून झाला असे सांगावेसे वाटले, हे वाङ्मयीन सत्य मोठे आहे.

या समाजाची पहिली परीक्षा, परंपरेप्रमाणे, डेव्हिड राहबी नावाच्या परदेशी ज्यूने घेतली. त्याने बायकांपुढे नाना तऱ्हेचे मासे ठेवले. खवले व पर असलेले त्यांनी निवडले आणि बाकीचे बाजूला सारले. मला ही परीक्षा सर्वांत सुंदर वाटते. ती स्वयंपाकघरात झाली, बायकांनी दिली, आणि तिच्यात रक्त पाहिले गेले नाही, वळण पाहिले गेले.

दुसरी परीक्षा कठोर होती. १९४८ नंतर हे लोक इस्रायलला जाऊ लागले. तेथील मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये असा आदेश काढला, की बेने इस्रायल वधूवरांच्या आईची, आजीची आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करूनच इतर ज्यूंशी त्यांचे लग्न लावावे. जे धर्म सांभाळत शतकानुशतके कोकणात राहिले त्यांना आपल्या ‘मायदेशी’ आल्यावर वंशावळ मागितली गेली. लोक रस्त्यावर उतरले, धरणे धरून बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये प्रश्न तेथील संसदेत गेला आणि धर्मपीठाला तो आदेश बदलावा लागला.

तिसरी परीक्षा डीएनएची. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ बेने इस्रायल व्यक्तींची तुलना अनेक ज्यू, भारतीय व पाकिस्तानी समूहांशी केली गेली. निष्कर्ष असा की या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू वारसा आणि भारतीय वारसा दोन्ही भरघोस आहेत. सरमिसळ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाली. आणि ज्यू अंश मुख्यतः पुरुषांकडून, भारतीय अंश मुख्यतः स्त्रियांकडून आला. यातून काय सिद्ध झाले? परंपरा साफ खोटी नव्हती. दूरच्या ज्यू पूर्वजांची आठवण खरी निघाली. पण किनाऱ्याला लागलेल्या सात स्त्रियांच्या जागी कोकणातल्या बायका दिसू लागल्या. या समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असा भेद होता, आणि काळे म्हणजे मिश्रविवाहाची संतती असे समजून त्यांना दूर ठेवीत. सगळा समाजच मिश्रविवाहाची संतती आहे असे आता दिसल्यावर त्या भेदाला उरले काय? किती सुना, किती आज्या या खुळ्या भेदापायी पंक्तीबाहेर बसल्या असतील! प्रयोगशाळेने त्यांना उशिरा का होईना, पान वाढले. मात्र हाच अहवाल १९६२ मध्ये एखाद्या निबंधकाच्या हाती असता, तर त्याने त्याचा उपयोग लग्न अडवण्यासाठी केला असता याविषयी मला शंका नाही. पुरावा तोच, तो कोणाच्या हाती पडतो यावर न्याय अवलंबून.

हा धोका केवळ दूरदेशीचा नाही. नवी मुंबईत वंशावळ ही हौसेची वस्तू कधीच नव्हती. संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के भूखंड देण्याची योजना आली आणि आगरीकोळी घरांत सातबाऱ्यावरची नावे, वारसदाखले आणि शपथेवरच्या वंशावळी यांना सोन्याचे मोल आले. बहिणींकडून हक्कसोडपत्रे लिहून घेतली गेली. महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत समान हक्क दिला, तेव्हा कुलवृत्तान्तात लग्नाशी थांबणारी रेघ कायद्याने पुढे ओढली. २७ जानेवारी २०२४ रोजी वाशीच्या शिवाजी चौकात मनोज जरांगे पाटलांनी उपोषण सोडले, तेव्हा ज्या मसुद्याचा गाजावाजा झाला त्याचा सारा भार ‘सगेसोयरे’ या एका मराठी शब्दावर होता. कुणबी नोंद सापडलेल्याचे नातलग कोण, पित्याकडचे किती आणि आईकडच्यांचे काय, हा वाद राज्यभर झाला. गावोगाव लोक मोडी कागद वाचणाऱ्यांच्या शोधात निघाले. त्या वादात कोणाची बाजू बरोबर हे ठरवणे या लेखाचे काम नाही. वंशावळीतला एक शब्द लाखो मुलांच्या शाळाकॉलेजाचा आणि नोकरीचा प्रश्न होऊ शकतो, एवढेच येथे पाहायचे.

आणि याच शहरात मला सर्वांत चांगला वंशवृक्षही सापडतो. खारघरला ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधनाचे केंद्र आहे. आनुवंशिक कर्करोगाचा संशय आला की डॉक्टर रुग्णासमोर कागद घेऊन वंशावळ काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजार झालेल्याचे चिन्ह भरलेले, गेलेल्यावर तिरकी रेघ. त्यात मूळ पुरुष नसतो, पदव्या नसतात. मावशी असते, आत्या असते, मामाची मुलगी असते, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ‘गाठ होऊन’ गेलेली आजी असते. कुलवृत्तान्ताने जे जे वगळले ते ते सारे या कागदावर येते, कारण येथे ते वगळले तर जीव जाण्याचा संभव असतो. वाङ्मयदृष्ट्या पाहिले तर हा कागद कोरडा आहे. पण प्रामाणिकपणात त्याने आमच्या सुवर्णाक्षरी ग्रंथांना मागे टाकले आहे.

थुंकीची नळी पाठवणाऱ्यांना एक व्यावहारिक सूचनाही करतो. ट्वेंटीथ्री अँड मी या प्रसिद्ध अमेरिकन कंपनीकडून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. परवलीचा शब्द बदलता येतो, आजोबा बदलता येत नाहीत. एकाने नमुना दिला की भावंडांची आणि मुलांचीही माहिती त्याच्याबरोबर जाते. तेव्हा घरात चार माणसांना विचारून हे काम करावे. अहवालात अनपेक्षित भाऊ किंवा न जुळणारा बाप निघाला, तर ज्या बाईला त्याचा जाब द्यावा लागेल ती कदाचित अजून हयात असेल, हेही आधी मनात आणावे.

मग माझा अभिप्राय काय? तिन्ही साधनांना मी त्यांच्या त्यांच्या प्रश्नापुरते मानतो. हक्क कोणाचा, हे कुलवृत्तान्त सांगतो. मिरवावेसे काय वाटत होते, हे तसबीर सांगते. कोणत्या गर्दीतून आपण आलो, हे डीएनए सांगतो. पुढचा कुलवृत्तान्त लिहिणाऱ्याकडून माझ्या मागण्या थोड्या आहेत. बायकांची दोन्ही नावे आणि दोन्ही गावे लिहावीत, मुलींच्या रेघा पुढे न्याव्यात. दत्तक असेल तर तसे न लाजता म्हणावे. ‘निर्वंश’ हा शब्द काढून टाकून त्या माणसाने काय केले ते लिहावे. आजार लपवू नयेत. जेथे ठाऊक नाही तेथे ठाऊक नाही असे लिहावे.

आणि हे काम करायला दिवाळीसारखा दुसरा मुहूर्त नाही. भाऊबीजेला बहिणी घरी येतात. म्हणजे कुलवृत्तान्ताने लग्नाबरोबर ज्यांची रेघ तोडली त्या सगळ्या जणी त्या दिवशी एका जागी बसलेल्या असतात. ओवाळणी झाली की वही काढावी, आणि पहिला प्रश्न आजीच्या आईचे नाव काय, हा विचारावा. पुष्कळ घरांत त्याचे उत्तर आज फक्त एकाच म्हातारीला ठाऊक असते.